दातांत धरलेलं पान

७ जानेवारी, मंगळवार

आज सकाळी अंघोळ करून ओल्या केसांनीच गावाबाहेरच्या मोहाच्या झाडाखाली गेलो आणि मुक्या मायपुढे नारळ फोडला. बोरटोल्याची ही देवी म्हणजे गुडघ्याएवढा शेंदरी दगड. तिला नाकडोळे नाहीत, म्हणून मुकी म्हणत असतील. दोन बाया दर्शनाला आल्या होत्या. दोघींनी दातांत पळसाचं पान धरलं होतं. इकडची काही रीत असेल. मी माझ्या रीतीने हात जोडले. वडील सांगत, देवापुढे मोठ्याने बोलावं, ज्याच्यासाठी मागायचं त्याचं नाव घ्यावं, दुखणं सांगावं. मोघम मागणं पोचत नाही. मी नव्या नोकरीत यश मागितलं. बाया माझ्याकडे बघतच राहिल्या.

जागा छान आहे. शाळेच्या दोन जुन्या खोल्यांत मनाच्या आजारांचं केंद्र, आणि मागे माझी खोली. डॉक्टर संघप्रिया मॅडम मंगळवारी आणि शुक्रवारी चंद्रपूरहून येतात. लोक त्यांच्यापुढे एकदम बोलत नाहीत, म्हणून आधी माझ्याजवळ बोलायचं आणि मी ते कागदावर उतरवून आत द्यायचं. सातवी शिकलेल्या माणसाला यापेक्षा मानाचं काम कुठे मिळणार?

मॅडमनी एका कागदावर सही घेतली. इथलं कोणाला सांगायचं नाही, बायकोला नाही, भावाला नाही. मी म्हटलं, दोघंही आता नाहीत. मूल गावातलं घरही बंद करून आलोय.

ही वही पेटीत कुलपात ठेवीन. दाराला मात्र कडी लावणार नाही. सव्वीस वर्षांत कधी लावली नाही.

१० जानेवारी, शुक्रवार

बाकावर बसलेले लोक भिंतीकडे तोंड करून बसतात. विचारलं तर सगळे बीपीच्या गोळीला आलेले. खुशाल नावाचा धान गिरणीतला हमाल आला होता. बायको जाऊन वर्ष झालं, तरी तो रोज तिचं ताट वाढतो, कारण ती भूक लागली म्हणते. दगडासारखा माणूस, पण सांगताना मधे मधे टॉवेल तोंडात कोंबत होता. उद्या सकाळी त्याच्यासाठी मायला सांगेन.

१४ जानेवारी, मंगळवार

संक्रांत असूनही मयुरी आली. वय तेवीस. घरी सांगते, रक्त वाढायच्या गोळ्या आणते. बाळंतपणानंतर ती दोनदा लेकराला घेऊन विहिरीच्या काठावर उभी राहिली. आता औषधाने बरं आहे, लेकरू सात महिन्यांचं झालं. सासू शकुबाईला हे कळलं तर लेकरू ठेवून घेतील आणि तिला माहेरी धाडतील. बहिणीच्या गावात एकीचं तसंच झालं.

तिने विचारलं, “भाऊ, हे इथीच राहीन ना? आमी दुखण्याले नाई भेत. दुसऱ्याच्या तोंडाले भेतो.”

मी तिला शब्द दिला.

१५ जानेवारी, बुधवार

रात्री, बुधवारचे दर्शनवाले घरी गेल्यावर, मायपुढे मयुरीचं सगळं सांगितलं. नाव, विहीर, लेकरू, सासूची भीती. देवापासून काय लपवायचं? मन हलकं झालं.

१७ जानेवारी, शुक्रवार

खुशाल आला नाही. संध्याकाळी गिरणीवर गेलो तर पोती उचलता उचलता सोबती त्याला विचारत होते, “काऊन खुशाल, वहिनी जेवली काय आज? का उपास हाय?” तो हसत नव्हता, रागावतही नव्हता. नुसती पोती उचलत होता.

मी त्याला बाजूला घेऊन शपथ घेतली, माझ्या तोंडून काही गेलेलं नाही. तो म्हणाला, मायपाशी गेलेल्या चौघांनी ऐकलं, मग त्याने स्वतःही जाऊन ऐकलं. “आवाज तुह्याच होता, दसरूभाऊ. खोकला बी तुह्याच.”

परत येताना कोणी रामराम केला नाही.

१८ जानेवारी, शनिवार

भर दुपारी मोहाखाली गेलो. चिटपाखरू नव्हतं. काही न बोलता उभा राहिलो.

दगडातून मी बोलू लागलो.

माझाच आवाज, मधे माझाच खोकला. मयुरीचं नाव. विहीर. लेकरू. संपलं की पुन्हा पहिल्यापासून. मी दगडावर दोन्ही हात दाबून धरले. तळव्यांना शब्द लागत होते, जसे बोलणाऱ्याच्या छातीला हात लावल्यावर लागतात.

१९ जानेवारी, रविवार

शेजारच्या वारलूभाऊंकडे मायच्या रोजच्या दिव्याचं काम असतं. त्यांनी सांगितलं, मायजवळ पान दातांत धरूनच जायचं. मनात दडवलेलं काही तिच्यापुढे बोललं की ती ते ठेवून घेते आणि जो समोर उभा राहील त्याला ऐकवते. नवं काही मिळेपर्यंत तेच. पहिल्याच दिवशी कोणी मला का सांगितलं नाही, विचारलं. म्हणाले, “आमाले वाटलं, तू दवाखान्याचा मानूस. तोंड बंद ठेवाचं तुले शिकवाव लागते काय?”

मयुरीचं त्यांनी ऐकलंय. अजून तरी त्यांनीच. बाकीचे बहुतेक बुधवारीच जातात. बुधवारी शकुबाई नातवाला घेऊन दिवा लावते.

२० जानेवारी, सोमवार

मायला धानाचा भाव सांगितला. हरिपाठ म्हटला. तिने काही घेतलं नाही. पुन्हा मयुरीच.

तिला दडवलेलंच लागतं. माझ्या कागदांवर अकरा माणसांचं दडवलेलं आहे. एक दिलं तर मयुरी सुटेल. दुपारभर तो गठ्ठा मांडीवर घेऊन बसलो. एकही नाव माझं नव्हतं—

माझं जे आहे, ते कोणत्याच कागदावर नाही.

२१ जानेवारी, मंगळवार

मॅडमना सांगितलं. आवाजाचं नाही, ते कोण मानेल? एवढंच, की मी रोग्यांचं देवापुढे बोललो. वाटलं होतं, हसतील. त्यांनी शांतपणे विचारलं, “देवाला सांगायची परवानगी घेतली होती त्यांची?”

घेतली नव्हती. त्या म्हणाल्या, शुक्रवारी दोघांनाही खरं सांगू, माफी मागू. शुक्रवार. बुधवार त्याच्या आधी येतो.

मयुरी आज पहिल्यांदा हसली. लेकराला दात येतोय म्हणाली. उद्या सासू त्याला मायच्या पायावर घालणार.

२२ जानेवारी, बुधवार

उजाडताच गेलो. सांगितलं.

बिरजू, माझा धाकटा भाऊ. डोकं फिरलेला. मे महिना. माझ्या सोयरिकीला पाहुणे आलेले. तो दिसला तर लग्न मोडेल म्हणून मी त्याला गुरांच्या कोठ्यात घातला, बाहेरून कडी लावली. वर तापलेला पत्रा. दादा, पाणी. दादा, पाणी. मी पाहुण्यांना सरबत देत होतो. कडी काढली ती संध्याकाळी. गावाला सांगितलं, रानात ऊन लागून गेला. बायको जन्मभर नांदली, न कळता गेली.

मग पान दातांत धरलं. फार उशिरा.

शकुबाई आली. मी मोहाआड उभा. तिने दिवा ठेवला, लेकरू टेकवलं आणि थबकली. विहीर नाही. मयुरी नाही. देवा, मयुरीचं एक अक्षर नाही.

पण आवाज माझा नव्हता.

तिने लेकराला छातीशी धरलं, वळली, मी दिसलो. तोंडातलं पान काढून हळूच म्हणाली, “दसरूभाऊ, तुह्या भाऊ पानी मांगून राह्यला.”

दुपार

वही मॅडमनी जाळावी. यात इतरांची नावं आहेत.

बाक रिकामा. कोणी येत नाही. मोह इथून दोन शेतं दूर— इतक्या लांबून ऐकू येत नाही. येऊ नये.

आवाज आता कुंपणापाशी.

दाराला कडी लावली. सव्वीस वर्षांनी.

ओट्यावर आहे. नखं दारावर. तसंच वाजतंय, तसंच, खालच्या फळीवर, जिथे त्याचा हात पोचायचा—

दादा, पाणी.

पाहुणे नाहीत आज. कोणी नाही. मी आणि तो.

तांब्या भरला. वहीवर पाणी सांडलं. उठून दाराशी गेलो. कडी काढली आहे. बिरजू, ये, दार उघडं—