माझ्या नावाचा दुसरा इसम

३ फेब्रुवारी, मंगळवार. सकाळी ९.
काल ज्येष्ठांच्या सभागृहात व्याख्यान झालं. विषय: इंटरनेटवरचे तोतये. हे लोक म्हणे आख्खा माणूसच पळवतात. नाव आपलं, फोटो आपला, बोलणारा भलताच. शेजारची दोन डोकी पेंगत होती. मी वहीभर टिपणं घेतली. सातवीनंतर कुणाचं बोलणं इतकं मन लावून ऐकलं नव्हतं.
संकल्प: माझी ओळख माझ्याकडेच राहील.

दुपारी ४.
सूनबाई कॉम्प्युटर कंपनीत आहे. ज्यावरून शाळासोबत्यांच्या गटात लिहितो, त्या खात्याचा पासवर्ड तिच्या समोर बसून बदलला. फोनवर कोड येण्याची सोयही करून देते म्हणाली. नको म्हटलं. आधी फोन शोधा, मग चष्मा शोधा, तोवर कोड शिळा. पासवर्ड विसरल्यास म्हणून तीन खाजगी प्रश्न होते: पहिली शाळा, लहानपणीचं टोपणनाव, आवडते शिक्षक. ती म्हणाली, बाबा, उत्तरं खोटी द्या. गुरुजींच्या जागी दुसऱ्याचं नाव? हात धजेना. खरीच लिहिली. आता ती फक्त मला आणि परमेश्वराला ठाऊक.

५ फेब्रुवारी, गुरुवार.
शाळासोबत्यांच्या गटावर सुरक्षेचे अकरा नियम टाकले. नियम चार: मित्राच्या आवाजात फोन आला तरी ठेवून द्यावा, हल्ली आवाजही चोरतात. नियम सात: शंका आल्यास शाळेतलाच प्रश्न विचारावा. गट लंबू चालवतो. (तेव्हाही वर्गात सर्वांत बुटका, आताही गटात तोच.) त्याने नियम ठळक करून सर्वांत वर लावले. पूर्वी त्याने माझं काहीच वर लावलं नव्हतं.
१५ तारखेला गटाचं ऑनलाइन संमेलन. सातवीतली नावाड्याची कविता मी म्हणायची. गुरुजींनी गॅदरिंगला तो मान लंबूला दिला होता. साठ वर्षं थांबलो. घाई कधीच केली नाही.

६ फेब्रुवारी, शुक्रवार.
मीटर वाचणारा आला. नाव विचारलं. सांगितलं नाही. तो म्हणाला, काका, दारावर पाटी आहे.
पाटी उतरवली.

७ फेब्रुवारी, शनिवार.
पाटी नाही म्हणून कुरियरवाला हिच्या नव्या चष्म्याचं पार्सल परत घेऊन गेला. ही वर्तमानपत्र नाकाला लावून वाचत बसली. सुरक्षेची किंमत कुटुंबाने मिळून मोजायची असते, असं समजावलं. पुढच्या पानासाठी तिने फक्त नाक हलवलं.

८ फेब्रुवारी, रविवार.
आज मन न्हाऊन निघालं. 'आठवणीतली शाळा' नावाचं एक पान सापडलं. रोज एक प्रश्न. आजचा: तुमची पहिली शाळा कोणती? लोकांनी एकेका ओळीत उत्तरं दिली होती. रुक्ष माणसं. मी खडूचा वास, शाईचे डाग, घंटेचा तडा, सगळं लिहिलं. पान चालवणाऱ्या बाईंनी कळवलं की डोळे पाणावले, सर, आणखी लिहा ना. साहित्याची जाण असलेली बाई.

९ फेब्रुवारी, सोमवार.
प्रश्न: बालपणी तुम्हाला काय म्हणत? उत्तर: ढगोबा, कारण खिडकीबाहेर बघत बसायचो. तीन परिच्छेद. सूनबाईने मान वर न करता विचारलं, बाबा, एवढं काय लिहिताय. साहित्य, म्हटलं.

१० फेब्रुवारी, मंगळवार.
प्रश्न: आवडते शिक्षक? गुरुजींवर लिहिताना ऊर भरून आला. शेवटी नावाड्याची संपूर्ण कविता जोडली. (जुन्या पाठ्यपुस्तकात पाहून. पाठ आहेच, पण छापील प्रतीचा मान ठेवावा.) लगेच गटातही टाकली.

१२ फेब्रुवारी, गुरुवार.
कालपासून खातं उघडत नाही. पासवर्ड चुकीचा म्हणतं. त्यांचंच काही बिघडलं असणार.

१३ फेब्रुवारी, शुक्रवार.
सूनबाईने पाहिलं. बुधवारी संध्याकाळी कुणीतरी माझ्या तिन्ही प्रश्नांची बरोबर उत्तरं देऊन पासवर्ड बदलला. मग तिने त्या पानावरचं माझं लेखन वाचलं. वाचून डोळे मिटून घेतले. शैलीचा परिणाम होतोच. नंतर हळूच विचारलं, आईंचं माहेरचं आडनावही विचारलं का त्यांनी. तो प्रश्न बुधवारचा होता, म्हटलं.
तिने तक्रार नोंदवली. निकालाला आठवडा लागेल. संमेलन परवा. तोतया गटात माझ्या नावाने शाळेचे जुने फोटो म्हणून एक लिंक वाटतोय. दोघांनी दाबली. त्यांचीही खाती गेली.

१४ फेब्रुवारी, शनिवार.
लंबूला फोन केला. त्याने आवाज ओळखला आणि म्हणूनच फोन ठेवला. पुन्हा केला. 'नियम चार' एवढं बोलून ठेवला.
सूनबाईच्या खात्यातून गटात शिरलो आणि मी मी असल्याचं जाहीर केलं. लंबूने नियम सात काढला: दोघांनी नावाड्याच्या कवितेचं तिसरं कडवं लिहावं, वेळ दोन मिनिटं. सूनबाई म्हणाली, पुस्तक आणू का. कवितेत कॉपी करत नाही, म्हटलं.
तोतयाने पाऊण मिनिटात लिहिलं, स्वल्पविरामांसकट.
माझं असं आहे की नावाडी वल्हं ठेवून आभाळाकडे बघतो, तिथे मलाही दरवेळी भरून येतं आणि मी थांबतो. पुढच्या ओळी मला कधीच येत नव्हत्या, हे आज कळलं. भावार्थ लिहून पाठवला. गद्यात.
मतदान झालं. त्याला नऊ. मला एकही नाही.

१५ फेब्रुवारी, रविवार. संध्याकाळी ६.
संमेलन झालं. तोतयाचा कॅमेरा बिघडला होता म्हणे, तेव्हा त्याच्या वतीने कविता लंबूनेच म्हटली.
नंतर त्याने सूनबाईला फोन केला. तुमच्या खात्यातून एक म्हातारा आमच्या ढगोबाचं सोंग घेऊन लिहितोय, सांभाळून राहा, म्हणाला. तिने माझी बाजू घेतली. अहो, सासरेच आहेत माझे, सकाळपासून समोर बसलेत, असं म्हणाली. त्यावर त्याने एवढंच विचारलं, की या गृहस्थांना ती कविता पुरी म्हणताना तुम्ही कधी ऐकलंय का.
सूनबाई खरं बोलणारी मुलगी आहे.
जेवायच्या आधी तिने तिचा पासवर्ड बदलला.