दोन ब्लॉकच्या जागी एक

मी, छगन भिमाजी आवारी, वय एकसष्ट, धंदा इंटरनेट जोडणीचा, राहणार नागापूर, अहिल्यानगर, मूळ राहणार भंडारदऱ्याच्या वरची आवारी वस्ती, ता. अकोले, हे मृत्युपत्र राजीखुशीने, पूर्ण शुद्धीत आणि कोणाच्याही दबावाशिवाय लिहून ठेवतो. डॉक्टरांनी हृदयाचे सांगितले आहे, डोक्याचे काही सांगितलेले नाही. लग्न केलेले नाही. यापूर्वी मृत्युपत्रही केलेले नाही. कोणी विचारलेच नाही.

१. नागापूरच्या माझ्या दोन खोल्या पुतणी निकिता हर्षल आवारी हिला द्याव्यात. ती संगमनेरला संगणक शिकवते आणि दिवाळीला मला फोन करते. बाप घरात नसताना करते, हे मला कळते. त्यावरून तिला कोणी बोलू नये. या मृत्युपत्राची अंमलबजावणी तिनेच करावी.

२. फायबर जोडायचे मशीन, शिडी आणि टॉवरवर चढायचा पट्टा माझे नाहीत, आमच्या भागीदारीच्या फर्मचे आहेत; ते फर्मला परत जावेत.

३. वस्तीवरचे घर आणि भातखाचरातला माझा निम्मा हिस्सा धाकटा भाऊ हर्षल यास द्यावा. आई गेल्यापासून तो माझ्याशी बोलत नाही, म्हणजे नको म्हणेल. त्याने पुढचे कलम वाचावे आणि मग ठरवावे.

४. आमची आई मुक्ताबाई वस्तीवर एकटी राहायची. तिथे मोबाईलला रेंज नाही. म्हणून मी आणि माझा भागीदार श्रीमंत ठुबे यांनी डोंगरावर टॉवर उभा करून वस्तीला इंटरनेट दिले. रोज दिवेलागणीला आई तिकडे फोनसमोर बसायची, मी इकडे, आणि आम्ही मायलेक व्हिडिओवर एकमेकांना बघत आपापल्या ताटावर जेवायचो.

पुढे नागापूरच्या एका कारखान्याने आमची जोडणी सोडली. त्याचे इंटरनेटचे पत्ते बंद करायचे होते: १०.२०.४.० पासून १०.२०.६.१२७ पर्यंत. आमच्या राऊटरला 'पासून-पर्यंत' चालत नाही, पत्त्यांचे गट, म्हणजे ब्लॉक, पाडून द्यावे लागतात; आणि ब्लॉक हवा तिथे कापता येत नाही, तो दुपटीनेच वाढतो. या रेंजचे नेमके दोन ब्लॉक होतात, १०.२०.४.०/२३ आणि १०.२०.६.०/२५. श्रीमंतने घाईत दोन्हींच्या जागी एकच मोठा लिहिला, १०.२०.४.०/२२. त्यात कारखाना तर आलाच, पण त्याच्या पुढचे पत्तेही आले. ते आमच्या वस्तीचे होते. वस्तीचे नेट बंद पडले.

मला वाटले, पावसाने टॉवरची लाइट गेली असेल. आईला वाटले, माझेच काही बरेवाईट झाले. हर्षल नोकरीला राजूरला असायचा. त्याच्या फोनवरून मला लावायचा म्हणून ती एकटीच भर पावसात निघाली आणि जीपच्या पायरीवरून घसरली. खुब्याचे हाड मोडले. दवाखान्यात मला बघून म्हणाली, "तू बोलंना, मंग मला काय सुचंना. हाय ना रं बरा?" त्यानंतर ती उभी राहिली नाही. वर्षाच्या आत गेली.

हर्षल सगळ्यांसमोर म्हणाला, "तुझ्या नेटपायी आई पडली." श्रीमंतने आदल्या दिवशी माझा हात धरला होता. "माझं नाव घेऊ नको छगन, वस्तीवरची पोरं मला टॉवरपाशी उभं करणार न्हाईत." मी नाव घेतले नाही. मग भाऊ तुटला. श्रीमंतलाही माझ्यासमोर बसवेना. तो फर्म घेऊन सावेडीला गेला. मी घरून त्याची कामे करतो, बोलणे मेसेजवर होते.

हर्षल, आईला मी विसरलो नव्हतो. एवढेच तुला कळावे.

५. त्यानंतर मी एक वेबपेज बनवले. त्यात रेंज टाकली की नेमके ब्लॉक मिळतात, एकही पत्ता कमी नाही की जास्त नाही. कुठकुठली माणसे ते वापरतात. एकदा कोणीतरी 'थँक यू' लिहिले होते, ते मी स्क्रीनवर दोन दिवस तसेच ठेवले. निकिताने हे पेज फुकटच चालू ठेवावे.

६. रंगुबाई समोरच्या खोलीत राहतात आणि मला डबा देतात. या मृत्युपत्राला त्या साक्षीदार आहेत, आणि साक्षीदाराला मृत्युपत्रातून काही घेता येत नाही, असे वकील म्हणाले. म्हणून माझी भांडी आणि मिक्सर त्यांना आत्ताच दिले आहेत. मी दार उघडले नाही, तर त्यांनी आधी निकिताला कळवावे.

७. दहनाला कोण येईल याची वाट बघू नये.

साक्षीसाठी दोन माणसे लागतात. दुसरे नाव मला सुचेना, म्हणून शेवटी श्रीमंतलाच बोलावले. साक्षीदाराने मजकूर वाचायची गरज नसते, हे मी त्याला सांगितले. "वाचतो. दे इकडं," तो म्हणाला.

वरील सर्व मी स्वतः लिहिले असून साक्षीदारांसमक्ष सही केली आहे.

स्थळ: नागापूर, अहिल्यानगर
दिनांक: १८ नोव्हेंबर २०२५

(सही) छगन भिमाजी आवारी

साक्षीदार:
१. (सही) रंगुबाई सोनवणे, नागापूर
२. (सही) श्रीमंत ठुबे, सावेडी. कलम ४ वाचले. खरे आहे. हे छगनच्या माघारी कळून उपयोग नाही. उद्या सकाळी मी हर्षलकडे जातो.