मोटारीच्या वेगाची पाटी

माय, आज वाशीमच्या लोकल बोर्डातून हात हलवत परत आले, आणि कारण नसताना राग तुझाच आला. मेडशीच्या वेशीपाशी मोटारींनी हळू जावं म्हणून तू भांडून लावून घेतलेली पाटी मोडून पडली आहे. ती पुन्हा लावा, एवढंच सांगायला गेले होते. बोर्डाचा कारकून म्हणतो, रस्ता सरकारचा, तिकडे जा. सरकारी कचेरीतला म्हणतो, पाटी बोर्डाची. तुलाही त्यांनी असंच फिरवलं होतं.

त्या वर्षी उतारूंच्या सर्व्हिस मोटारीनं बाबांच्या बैलगाडीला धडक दिली, एक बैल जागीच गेला, बाबांचा उजवा हात कायमचा निकामी झाला. मी माहेरी आले होते, म्हणून तुझ्यासोबत बोर्डात आले. खुर्चीवरच्या मेंबरानं विचारलं, "बाई, मोटारीनं ताशी किती मैल जावं?" तू म्हणालीस, "मले मैल समजत नाई. गाडी बाजूले घ्याले वेळ भेटला पायजे, बस." सगळे हसले. असा कायदा होत नसतो म्हणाले.

दुसऱ्या दिवशी गावच्या बायका जमवून भर रस्त्यात ज्वारीची कणसं पसरलीस. तोच मेंबर मोटारीतून उतरतो, ओरडतो, "रस्ता काय तुह्या बापाचा हाय?" तू हातातलं सूपही खाली ठेवत नाहीस. "नाई. पण तुमच्याई बापाचा नाई. हळू जाता काय? मंग आवरतो आमी."

त्यानंतर पाटी लागली. पण वेशीपाशीचं वळण पाहायला कोणी आलंच नाही. दुसऱ्या तालुक्यातल्या पाटीवरचा वेगाचा आकडा उचलून इथे ठोकला, तोही इंग्रजीत. एकाही ड्रायव्हरला वाचता येईना. नवखा एखादा बिचकून हळू जायचा, तेवढ्यावर तू समाधान मानलंस. मला ते तेव्हाही पटलं नाही, आणि तुझ्याशी नीट भांडायच्या आधीच तू गेलीस. आता तर कापसाच्या लॉऱ्याही भरधाव जातात.

हे पत्र कुठे धाडू? तुला वाचताही येत नव्हतं. तरी एक सांगते. परवा माझ्या धाकट्या लेकीला ताप चढला, मोटारीतून तिला वाशीमच्या दवाखान्यात नेत होते. मालेगावात बैलगाड्या दिसल्या तसा ड्रायव्हरनं वेग कमी केला, आणि मीच म्हणाले, "भाऊ, कायले हळू करून राह्यला? चाल ना लवकर."