बाहीखालचा सिंह

४ मार्च
आजपासून नवीन आयुष्य. शहर, टोळकं, मोटारसायकली, रात्री-अपरात्री भटकणं, सगळ्यावर पाणी सोडलं. यापुढे हे लहानसं गाव, सासऱ्यांची बेकरी, बायको आणि लेक. एवढं मोठं वादळ पाव विकायला उभं राहतंय, याची गावाला कल्पना नाही. नसलेलीच बरी.

सासरे म्हणाले, जावईबापू, उन्हाळाभर काउंटर सांभाळून दाखवा, मग दुकानाची किल्ली तुमच्याकडे. मीही आता थकलो. माझ्या डोळ्यांत पाणी आलं. भट्टीचा धूर असावा.

अडचण एकच. डाव्या हातावर, कोपराखाली, सिंह आहे. टॅटू. आणि सासरे म्हणजे रस्ता ओलांडताना दोन्हीकडे पाहून, मग पुन्हा एकदा दोन्हीकडे पाहणारा माणूस. हा सिंह दिसला तर हाय खातील. बायको म्हणते, दाखवून टाक, बाबांना काही वाटणार नाही. तिचं लग्नाआधीचं आयुष्य फार साधं गेलं.

संकल्प: फुल शर्ट. कायम. मनगटाचं बटण लावून.

९ मार्च
लेक सिंहाला म्याऊ म्हणते. आयाळ नाही म्हणून तिचा गोंधळ होतो. आयाळ राहिली, कारण तेवढ्यात सुई टोचली आणि मला एकदम एक महत्त्वाचं काम आठवलं. कुठलं, ते आता लक्षात नाही. रोज झोपताना तिच्याकडून 'सिंह' म्हणून घ्यायचं ठरवलंय.

१७ मार्च
उकडतंय. भट्टीसमोर तर विचारायलाच नको. बाही चिकटते, आत खाज सुटते. पण याहून भयंकर प्रसंग काढलेत. एकदा सुसाट मोटारसायकलवर मागे बसून मी सबंध घाट डोळे मिटून पार केला होता. टोळीत मला सगळे 'काका' म्हणत. दराराच तसा होता. कुणी स्वेटर विसरला की माझ्यासमोर यायची हिंमत करत नसे.

२८ मार्च
गावात काहीतरी बदललंय. गिऱ्हाइकं काउंटरपासून चार हात लांब उभी राहतात. पाव माझ्या हातून घेत नाहीत, तिथे ठेवा म्हणतात. आज मी नुसता हात खाजवला तर शाळेच्या बाई पायरी उतरून खाली गेल्या. समोरच्या दवाखान्यातल्या कंपाउंडरने विचारलं, एवढ्या उन्हात फुल शर्ट का हो? मी फक्त हसलो, जरा भेदक. लगेच दवाखान्यात शिरला बिचारा.

शेवटी माणसाचा भूतकाळ डोळ्यांत दिसतोच. किती झाकणार? संकल्प: नजर मवाळ करायची.

६ एप्रिल
नजर मवाळ केली. गिऱ्हाइकं आणखी लांब.

शाळेने आपल्याकडून बन घेणं बंद केलं. उरलेला पाव घरी येतो. सकाळी टोस्ट, दुपारी टोस्ट, रात्री कशाचं तरी नाव सांगून टोस्टच. सासरे नुसते बाहीकडे बघतात. बायको आज स्पष्टच म्हणाली, दिवसभर तो हात खाजवत बसतोस, तेही बेकरीत. गावभर झालंय की जावयाच्या अंगाला काहीतरी उठलंय. मी समजावलं की भित्री माणसं आपल्या भीतीला असलंच काहीतरी नाव देतात. ती उशी घेऊन लेकीजवळ झोपायला गेली.

घामोळं आहे थोडं. पण ते कोणालाही होतं.

११ एप्रिल
आज भट्टी निम्मीच भरली. संध्याकाळी सासऱ्यांनी मला बाजूला घेतलं. म्हणाले, काहीही असलं तरी तुम्ही आमचेच, लपवू नका, उद्या डॉक्टरांकडे जाऊ, मी येतो बरोबर.

म्हणजे त्यांना कळलं! सिंह कळला! डॉक्टर कशाला ते समजलं नाही. बहुधा त्यांची स्वतःची तब्येत सांभाळायला.

फार वाईट वाटलं. या माणसाने मला पोटच्या मुलासारखं वागवलं आणि मी त्याची भट्टी विझवायला निघालो. उद्या सगळं कबूल. म्हणाले तर गाव सोडेन, किल्ली राहिली बाजूला. भाषण तयार आहे. सुरुवात: तुम्हाला वाटतो तो मी नाही.

१२ एप्रिल
दवाखाना गच्च. सासरे बरोबर, बायको बरोबर, तिच्या कडेवर लेक. मी उभा राहून भाषण सुरू केलं. डॉक्टर म्हणाले, आधी बाही वर करा. केली. डोळे मिटले. मग लेक खणखणीत आवाजात म्हणाली, म्याऊ.

सासऱ्यांनी चष्मा पुसला, वाकून पाहिलं आणि विचारलं, एवढंच? डॉक्टर म्हणाले, घामोळं आहे, अर्ध्या बाह्या घाला. कंपाउंडर म्हणाला, मिशा मात्र छान जमल्यात. मी सर्वांना सांगितलं की हा सिंह आहे, आयाळ तेवढी राहिलीये. बाकावरच्या एक आजी म्हणाल्या, असू दे रे बाळा, मांजरही काही वाईट नसतं.

सासरे हसता हसता रडायलाच लागले. माझा तोच हात धरून त्यांनी रस्ता ओलांडला. कुठेही न बघता.

१५ एप्रिल
सासऱ्यांच्या हुकमावरून हाफ शर्ट. अख्खं गाव हात बघायला येतं आणि आलंच आहे म्हणून पाव घेऊन जातं. शाळेचे बन पुन्हा सुरू. बाईंनी मुलांची रांग लावून त्यांना हात दाखवला. सासऱ्यांनी मांजराच्या आकाराची बिस्किटं काढलीत. मी त्यांना सिंहच म्हणतो. खपतात, म्हणून वाद घालत नाही.

किल्ली आजच मिळाली. मी विचारलं, उन्हाळा संपायचाय ना अजून? सासरे म्हणाले, जावईबापू, एवढंसं मांजर लपवताना ज्याची ही दशा होते, तो माणूस दुकानात काय लबाडी करणार!

हा माझ्या दराऱ्याचा अपमान आहे. संकल्प: आयाळ पूर्ण करायची.

२१ एप्रिल
सुट्टीचा दिवस. पहिल्या बसने शहरात. तेच टॅटूचं दुकान, तीच खुर्ची. सुई टेकली आणि मला एकदम महत्त्वाचं काम आठवलं: भट्टीत बन राहिलेत! मिळेल त्या बसने धावत घरी आलो.

बायको म्हणाली, आज भट्टी बंद असते. आणि जेवायला वाढलं.

लेकीने हात नीट तपासला. सिंहाच्या गालावर एक नवा ठिपका आलाय. तिने त्याची पापी घेतली आणि म्हणाली, म्याऊ. बायको आत गेली होती. सासरे पेपरात होते. कुणी ऐकत नाही असं पाहून मीही म्हणालो, म्याऊ.