सायकलीचा वाकलेला चिमटा

बाबा,

तुमच्या सायकलीने गेले आठ महिने माझा छळ मांडला आहे. अमरावतीच्या या घराच्या मागच्या पडवीत ती तुमच्यामागे सव्वीस वर्षे उभी होती. यंदा मी तिचा गंज काढला, सळईचे ब्रेक उतरवून घासले, छर्रे बदलले आणि पुढचे चाक दोरा धरून, पट्टीने मोजून, ते धरणाऱ्या दुपाखी चिमट्याच्या अगदी मध्यावर आणले. पूर्वी ते किंचित उजवीकडे असे. ती कोणाची तरी ढिलाई असावी, असे मी समजलो. तेव्हापासून सायकल डावीकडे ओढते आणि ब्रेकचे रबर प्रत्येक फेऱ्याला रिमवर घासते. चार वेळा सगळे उकलले, चार वेळा जोडले. दोष सापडला नाही. आयुष्यभर इतरांच्या वाक्यांतल्या चुका काढलेल्या माणसाला हे सोसणे किती जड जाते, ते तुम्हाला सांगायला नको.

"अकोल्याला त्यांच्याकडे घेऊन जा ना," असे पत्नी पहिल्याच महिन्यात म्हणाली होती. त्यांच्याकडे म्हणजे जुन्या शहरातल्या तुमच्या त्या सायकलवाल्याकडे. मला जायचे नव्हते. तो माझ्याहून दहाच वर्षांनी मोठा. तरीही आपण अकोल्याला राहत होतो तेव्हा दर रविवारची तुमची सकाळ त्याच्या दुकानात जात असे. एकदा आईने निरोप देऊन मला तिथे पाठवले. तुम्ही लाकडी खोक्यावर बसून इतके हसत आहात की उपरण्याने डोळे पुसावे लागत आहेत. मी दारात उभा आहे. तुम्ही मला पाहता, हसू आवरता आणि विचारता, "गृहपाठ झाला?" बारा वर्षांचा होतो मी, बाबा. त्या दिवशी त्या माणसाचे ते तेलकट, काळे हात मला स्वतःला हवेसे वाटले.

अखेर गेल्या आठवड्यात शेजाऱ्याच्या टेम्पोत सायकल घालून गेलो. तो आता चौऱ्याऐंशीचा आहे. नजर अधू झाली आहे, पण चिमट्यावरून एकदा बोट फिरवताच म्हणाला, "चाक मधात कोनं आनलं हो हे?"

"मी. नियमाप्रमाणे."

"नियमानंच मारलं तिले! चिमटा वाकडा हाय तिचा, डाव्या अंगाले. म्हनून तं चाक म्या जरासं उजवीकडं बसवलं होतं. मास्तरले ठाऊक होतं. तुमाले नाई सांगतलं?"

मी विचारले, चिमटा वाकला कशाने? तो आठवणीनेच हसू लागला. "बार्शीटाकळीले पंगतीले चाल्लो होतो. म्या मांगं क्यारिअरवर. मास्तर जोरजोरात गानं म्हनून राहिले, अन् उतारावर गेलो ना दोघंई नाल्यात! मास्तर चिखलातूनच वरडले, 'जिता हायेस का बे?' मंग काय, तसेच गेलो, अन् तसेच जेवलो!"

तो दिवस मला स्पष्ट आठवतो. स्वयंपाकघरात आई तुमचा गुडघा कोमट पाण्याने धुते आहे, हळद भरते आहे, आणि तुम्ही अत्यंत शुद्ध भाषेत सांगता, "गाय आडवी आली." आम्ही ते साठ वर्षे खरे मानले. त्याच सायकलीवर मागे बसू का, असे मी विचारल्यावर तुम्ही म्हणाला होतात की दोघांनी बसणे कायद्याने गुन्हा आहे. माझ्या तोंडून एकदा 'मले' निघाले, तर ताटावरून उठवून तुम्ही माझ्याकडून पाच वेळा 'मला' वदवून घेतले होते. आणि त्याच्यासाठी तुमच्याजवळ 'बे' होते, गाणे होते.

मी त्याला विचारू नये ते विचारले. "माझ्याविषयी ते कधी काही बोलत?"

त्याने हातातला पाना थांबवून प्रामाणिकपणे बराच वेळ आठवून पाहिले. "नाई जी. घरची गोठ मास्तर दुकानात काहाडतच नव्हते."

दुपारपर्यंत त्याने चाक पुन्हा किंचित उजवीकडे बसवले आणि सायकल निमूट, सरळ चालू लागली. निघताना म्हणाला, "येत जा हो. मास्तरच्या लय गोठी हायेत माह्यापाशी." मी सायकल टेम्पोत चढवायला लागलो. तुमचे सगळे रविवार त्या टपरीत त्याच्या स्वाधीन आहेत, आणि ते तो अशा सहजतेने देऊ करतो, जणू त्यांत माझे असे काही नव्हतेच. परतीच्या वाटेवर टेम्पोवाला बोलत होता. मी एक शब्द ऐकला नाही. तुमच्या त्या गाण्याचे बोल कोणते होते, एवढेही मी त्याला विचारले नव्हते.

हे पत्र कोठेही जायचे नाही, म्हणून एवढे लिहून ठेवतो. आज सकाळी पत्नी देवपूजेत असताना मी पुढच्या चाकाचे नट सैल केले आणि चाक पुन्हा मध्यावर आणले. तिला सांगितले, त्या माणसाचे काम कच्चे निघाले. सायकल परत अकोल्याला न्यावी लागेल.

त्याच्या कामात काहीही उणे नव्हते, बाबा.