एक्केचाळीस हत्यारे जेवायला जातात

ती. थोरल्या आत्याबाईंच्या चरणी भाचीचा साष्टांग नमस्कार.

आपणास पत्र लिहिण्याचे धाडस करीत आहे, याबद्दल प्रथमच क्षमा मागते. आपली नि माझी भेट आजवर दोनदाच झाली. पहिल्या भेटीत मी आठ महिन्यांची होते आणि (आईच्या सांगण्यानुसार) अखंड रडत होते. दुसऱ्या भेटीत मी सतरा वर्षांची होते, आणि आपण 'काय वाचतेस गं?' असे विचारताच हातातले पुस्तक आपल्या हाती देऊन स्वयंपाकघरात निघून गेले. (ते पुस्तक वाचनालयाचे होते, परंतु तो विषय आज काढत नाही.) एवढ्याशा परिचयाच्या बळावर चार पानी पत्र लिहिणे हा आगाऊपणा आहे, हे मी जाणते. आपल्या गुडघ्यांना आता उतार पडला असेल, अशी आशा करते. डॉक्टरांनी जिने चढण्यास मनाई केल्यापासून आपण डॉक्टरांनाच खाली बोलावता, असे बाबांकडून कळले, आणि फार बरे वाटले.

पत्राचे कारण असे. आपण एकतीस वर्षे बसस्थानकाच्या ध्वनिक्षेपकावरून बोललात. आपला चेहरा ठाऊक नसलेली हजारो माणसे आपल्या एका वाक्यावर पिशव्या उचलून धावली. आणि मला येत्या सोमवारी सकाळी सात वाजता दीडशे माणसांना ऐकू जाईल असे बोलायचे आहे. बोलले तर माझी नोकरी राहील. न बोलले तर महिनाअखेर सहा महिन्यांची उमेदवारी संपताच मी घरी परत येईन. ही वेळ कशी आली, ते क्रमाने सांगते.

मी जेथे काम करते तेथे एका मोठ्या कारखान्याची उभारणी चालू आहे. माझे कार्यालय लोखंडी जिन्याच्या बासष्टाव्या पायरीवर, पत्र्याच्या खोलीत आहे. खिडकीतून सारे काम पटावरच्या सोंगट्यांसारखे दिसते. ग्राइंडर, ड्रिल, मोठे पाने, ओझी उचलण्याचे साखळीचे कप्पे अशा हत्यारांचा माग ठेवणे हे माझे काम. त्यासाठी प्रत्येक हत्यारावर आरएफआयडीचा एक टॅग, म्हणजे नखाएवढा बिल्ला, चिकटवलेला असतो. त्यात ना बॅटरी, ना दिवा. दाराच्या चौकटीत बसवलेल्या यंत्राने त्याला लहरींतून 'कोण आहेस?' असे विचारले, की त्या विचारण्याच्याच जोरावर तो जागा होतो, आपला क्रमांक सांगतो आणि पुन्हा निजतो. स्वतःहून कधी एक शब्द बोलत नाही. विचारल्यावाचून बोलायचे नाही आणि विचारल्यावर कामापुरतेच बोलायचे! आत्याबाई, इतका जवळचा नातेवाईक मला साऱ्या गोतावळ्यात भेटला नव्हता. पहिल्या आठवड्यात मी त्याच्याविषयीची तीन माहितीपुस्तके वाचली. लोखंडावर नुसता चिकटवला तर तो मुका होतो, म्हणून त्याच्याखाली एक छोटी गादी असते, हे वाचून तर माझा जीव त्याच्यावर जडलाच.

परंतु प्रत्येक गोष्टीला दुसरी बाजू असते. माझ्या टेबलावर टॅग वाचणाऱ्या संगणकाशेजारी एक वॉकीटॉकी ठेवलेली असे. तिला येथे सारे 'सेट' म्हणतात. बटण दाबून बोलावे, सोडून ऐकावे, बोलणे संपले की 'ओव्हर' म्हणावे, असा नियम आहे. एका वेळी एकानेच बोलायचे आणि इतरांनी थांबायचे. (आपल्या घरात हा नियम असता तर आजोबांच्या पश्चात झालेली कितीतरी भांडणे टळली असती, असे मला वाटते. क्षमस्व.) नियम उत्तम. अडचण एवढीच, की एकाने बोललेले सर्वांना ऐकू येते. त्यामुळे पाच महिने मी त्या सेटवर केवळ ऐकले. कोणी मला पुकारले तर चिठ्ठी लिहून शिपायाकरवी खाली धाडत असे. शिपाई दिवसातून चौदा वेळा बासष्ट पायऱ्या चढत-उतरत असे, आणि त्याचे पोट आत गेल्याबद्दल त्याच्या पत्नीने माझे आभार मानल्याचे त्याने सांगितले होते. (सांगतानाचा त्याचा स्वर मात्र आभाराचा नव्हता.)

आता मूळ घटनेकडे येते. गेल्या महिन्यात माझ्या संगणकावर एक विलक्षण गोष्ट दिसू लागली. दुपारी एक वाजताच एक्केचाळीस हत्यारे उपाहारगृहात येत. दीड वाजून पाच मिनिटांनी ती सर्वच्या सर्व नाहीशी होत. कामावर नाहीत, स्टोअरमध्ये नाहीत, फाटकाबाहेर गेल्याची नोंद नाही! दुसऱ्या दिवशी एकाच्या ठोक्याला पुन्हा हजर. त्यांत एक कप्पा असा होता, की जो उचलायला दोन गडी लागतात. तो रोज जेवायला कसा जातो, आणि कोणाच्या खांद्यावरून?

आत्याबाई, मला झोप येईना. (भीतीमुळे नव्हे; औत्सुक्यामुळे. परीक्षेच्या आदल्या दिवशीही मी इतकी आनंदात नव्हते.) मी एक वही केली, आलेख काढले. शनिवारी हत्यारे पाच मिनिटे अधिक रेंगाळतात, असे निष्पन्न झाले. यंत्र पुरवणाऱ्या कंपनीस ईमेल लिहिले. उत्तर आले की संगणक बंद करून पुन्हा चालू करावा. केला. हत्यारे जेवून गेली. मग मी चार उपपत्ती मांडल्या, आणि चौथी अशी होती, की उपाहारगृहाच्या खरकट्याच्या गाडीतून हत्यारे पळवणारी एखादी टोळी असावी आणि तिचा म्होरक्या म्हणजे खालच्या एका तुकडीचे मुकादम असावेत. कारण एक्केचाळीसही हत्यारे त्यांच्याच तुकडीच्या नावावर होती, आणि त्यांच्या मिशा मला आधीपासूनच संशयास्पद वाटत होत्या.

खाली जाऊन विचारले असते तर अर्ध्या मिनिटात उत्तर मिळाले असते, हे आपण म्हणणार. मीही स्वतःस तेच म्हटले. पण खाली गेले की माणसे भेटतात. त्यामानाने सेटवर विचारणे बरे, असे ठरवून मी एका कार्डावर सुवाच्य अक्षरात प्रश्न लिहिला: 'मुकादमसाहेब, आपल्या तुकडीची हत्यारे सांप्रत कोठे आहेत, हे कृपया कळवावे.' कार्ड डोळ्यांसमोर राहावे म्हणून ते सेटवर ठेवून वर घट्ट रबर गुंडाळले, आणि सेट हाती घेऊन बोलण्याचा सराव आरंभला. बटण मुळीच दाबले नव्हते.

बटण रबराने दाबले होते.

पुढची अठरा मिनिटे संपूर्ण कामावर माझ्याखेरीज कोणाचाही आवाज गेला नाही. मी तो प्रश्न अकरा निरनिराळ्या स्वरांत विचारला (एकदा करारी, एकदा मायाळू, एकदा 'सांप्रत' वगळून). मग धीर चेपावा म्हणून चारही उपपत्ती पुराव्यांसह मोठ्याने वाचल्या. मिशांचा मुद्दाही वाचला. मला कोणी थांबवू शकत नव्हते. कारण मला थांबवण्याची जी एकच वाट होती, तीच मी अडवून बसले होते. क्रेन चालवणाऱ्या ताईंना खालून सूचना ऐकू येईनात. सूचना बंद झाल्या की भार आहे तेथेच रोखून धरायचा, हा त्यांचा नियम. म्हणून त्यांनी एक भला मोठा पाइप अधांतरी थांबवून ठेवला. (कोणासही इजा झाली नाही. ताई मागाहून म्हणाल्या, "अगं बाई, काय सांगू, मीही ऐकत बसले नि पाइपही ऐकत बसला. पुढं काय झालं ते कळेपर्यंत खाली उतरवावासाच वाटेना!")

अखेर जिन्यावर पावले वाजली. मुकादम बासष्ट पायऱ्या चढून, धापा टाकत दारात उभे राहिले. हातात पोलादी डबा होता. त्यांनी आधी माझ्या हातातल्या सेटवरचे रबर काढले, ते व्यवस्थित टेबलावर ठेवले आणि म्हणाले, "म्होरक्या आलाय. धरा."

डब्यात एक्केचाळीस टॅग होते. गाद्यांसकट, रांगेने मांडलेले, खाली फडके अंथरून.

"हे हत्यारांवरून काढलेत?" मी विचारले. (माझा आवाज मलाच जेमतेम ऐकू आला.)

"मग काय तर! तिथं राहिले तर पडतील, झिजतील, कुणाच्या तरी चपलेखाली जातील. हत्यार हरवलं तर टॅगवरून शोधता येतं, बाई. टॅग हरवला तर कशावरून शोधू?"

त्यांनी खिशातून चार घड्या घातलेला एक कागद काढून माझ्यासमोर धरला. टॅग वाटताना मीच काढलेली ती सूचना होती. सात कलमे. टॅग ओला होऊ देऊ नये. टॅगवर घाव बसू देऊ नये. टॅग गहाळ झाल्यास तुकडीप्रमुख उत्तरदायी राहील. टॅग डोळ्यांत तेल घालून जपावा. सात कलमांत एकही लेखनदोष नव्हता, आणि 'टॅग हत्यारावरच राहू द्यावा' हे एक वाक्य कोठेही नव्हते. मला ते इतके उघड वाटले होते, की लिहिण्याजोगे वाटलेच नाही. त्या गृहस्थांनी मात्र माझा शब्द न् शब्द पाळला होता. दिवसभर डबा बंद. पोलादातून लहरी जात नाहीत, म्हणून टॅग नाहीसे. जेवणाची सुट्टी झाली, की उपाहारगृहात डबा उघडून ते एकेक टॅग मोजत. शनिवारी निवांतपणे मोजत. माझा आलेख अगदी बरोबर होता.

"आणि मिशांचं म्हणाल," जाता जाता ते म्हणाले, "तर त्या वडिलांसारख्या आहेत. त्यांच्यावरही लोक संशय घ्यायचे."

त्याच दुपारी मोठ्या साहेबांनी बोलावले. मी लेखी खुलासा सादर केला (पाने सहा, परिशिष्टे दोन). त्यांनी तो हातात तोलून पाहिला आणि बाजूला ठेवला. "लिहिणारी माणसं माझ्याकडे पुष्कळ आहेत. ती सूचना देतात, आणि माझी हत्यारं डब्यात जातात. मला विचारणारं माणूस पाहिजे. सोमवारपासून रोज सकाळी सातला तुम्ही सेटवर हत्यारांची हजेरी घ्यायची. चिठ्ठी नाही, शिपाई नाही. जमत नसेल तर आत्ताच सांगा, मी दुसरं कोणी बघतो." मी मान हलवली. कोणत्या दिशेने हलवली, ते मलाही सांगता येणार नाही. त्यांनी तो होकार धरला.

तर आत्याबाई, हकीकत ही अशी. आपणाकडे मागणे काहीही नाही. केवळ एका घराण्यातील दोन स्त्रियांना ध्वनिक्षेपकाशी झुंजावे लागले, ही गंमत आपल्या कानी घालावी, एवढाच हेतू. काही कुतूहल मात्र आहे: आपण बोलत असता आपलाच आवाज कर्ण्यातून परत कानी येई, तेव्हा तो परक्या बाईचा वाटे काय? बोलताना आपण कोणाकडे पाहत होता? एखादा मार्ग चुकीचा पुकारला आणि माणसे भलत्याच बसमध्ये बसली, असे कधी झाले काय, आणि झाले असल्यास दुसऱ्या दिवशी आपण कामावर कशा गेलात?

प्रकृतीस जपावे. बाबांना यातले काही कळवू नये.

आपली आज्ञाधारक,
धाकट्या भावाची थोरली

ता. क. वर 'मागणे काहीही नाही' असे लिहिले, ते पूर्णतः सत्य नाही. सोबत एक मसुदा जोडला आहे. त्यावर आपण वडीलकीच्या नात्याने सही करून तो मोठ्या साहेबांच्या नावे त्वरित धाडावा, ही कळकळीची विनंती. 'आमच्या घराण्यातील मुलींचे घसे पिढ्यान् पिढ्या नाजूक असून त्यांना मोठ्याने बोलणे मानवत नाही,' असे त्यात लिहिले आहे. आपण एकतीस वर्षे काय करीत होता, हे साहेबांना ठाऊक असण्याचे कारण नाही. हजेरी शिपायाने घ्यावी, असेही सुचवले आहे. त्याचा आवाज चांगला आहे आणि पोट पूर्ववत होण्यास त्याला विश्रांतीची गरज आहे.

ता. क. २. टपालाची थैली रविवारी जात नाही, हे माझ्या लक्षात राहिले नाही, आणि पाकीट टेबलावरच राहिले. आज सोमवार. सात वाजता मी बटण दाबले. बोटाने दाबले. यादी वाचू लागले: ग्राइंडर एक, ग्राइंडर दोन, कप्पा तीन. प्रत्येक नावानंतर बटण सोडून थांबत होते. कोणाचेही उत्तर नाही. सातव्या नावापर्यंत माझी खात्री पटली, की माझा आवाज कोठेही पोहोचत नाही. अकराव्या नावापर्यंत खात्री पटली, की पोहोचतो आहे, पण मिशांच्या प्रकरणामुळे साऱ्यांनी माझ्याशी अबोला धरला आहे. एक्केचाळीसही नावे तशीच त्या शांततेत वाचली. शेवटी मात्र राहवले नाही, आणि कार्डावर न लिहिलेले वाक्य तोंडून गेले: "अहो, पण आहेत तरी कुठे ती?"

सेट खरखरला आणि मुकादमांचा आवाज आला: "हातात आहेत की! तुम्ही नाव घेतलंत, आम्ही हात वर केला. अजून वरच आहेत. खिडकीतून बघा तरी, बाई, खांदे भरून आले!"

मी खिडकीशी गेले. खाली मुकादमांची सारी तुकडी वर माझ्याकडे पाहत उभी होती. प्रत्येकाने आपापले हत्यार डोक्यावर धरले होते, आणि तो कप्पा दोघांनी. मी खिडकीतून हात केला, मग तो त्यांना दिसला की नाही अशी शंका आल्याने बटण दाबून म्हटले, "दिसली. सगळी दिसली. खाली ठेवा." आणि त्यांनी ठेवली.

मसुदा पाकिटातून काढून घेतला आहे. वरील प्रश्नांची उत्तरे मात्र अवश्य कळवावीत. उद्या पुन्हा सात वाजणार आहेत. ओव्हर.

पत्र थैलीत टाकले: सोमवार, दि. १७ नोव्हेंबर २०२५, सकाळी सात वाजून चौतीस मिनिटे.