पुढचे दालन आणि भोंगा यांविषयी माझी अखेरची इच्छा

मी खाली सही करणारी, वय शहात्तर, पक्षाच्या शहर शाखेची माजी अध्यक्षा, कोणाच्याही दडपणाशिवाय, पूर्ण शुद्धीत हे लिहून ठेवते. शुद्धीचा दाखला डॉक्टरांनी दिला आहे. तो जोडण्याचे कारण, "म्हातारीला भ्रम झालाय" असे काल टीव्हीवर सांगून झाले आहे.

१. राहते घर माझ्या मुलीस. पुढचे दालन यजमानांनी व मी शाखेला बिनभाड्याने वापरू दिले. ती परवानगी माझ्यामागे संपेल. का, तेही लिहिते. बंद पडलेले प्रसूतिगृह दोन्ही पक्षांनी मिळून चालू करावे म्हणून मी विरोधकांचे उंबरे झिजवले. ते तयार झाले, शाखेनेही एकमताने हात वर केले. त्याच संध्याकाळी भोंग्याने मला "घरभेदी" ठरवले. भोंगा म्हणजे टीव्हीवर आमची बाजू मांडणारा भाष्यकार. पक्षाचा साधा सभासदही नाही. दुसऱ्या दिवशी तेच हात उलट्या बाजूने वर झाले.

माझा पुतण्या शाखेचा चिटणीस. तो म्हणाला, "काकू, लोक त्याचं ऐकतात."

"आणि तू?"

"मला तिकीट हवंय."

प्रसूतिगृहाला कुलूप राहिले. गल्लीतल्या शिंप्याची सून रिक्षातच बाळंत झाली. बाळ गेले.

२. माझे शिलाई मशीन त्या सुनेस. पक्षाचे झेंडे त्यावर मी पुष्कळ शिवले. तिच्यावर तशी अट नाही.

३. पुतण्यास यजमानांची उंच पाठीची खुर्ची. कणा नसला की टेकायला काहीतरी लागते.

४. शोकसभेत भोंग्याने बोलू नये. आलाच, तर मुलीने सर्वांदेखत विचारावे, "प्रसूतिगृह कुठल्या रस्त्याला आहे?" उत्तर आले तर खुशाल बोलू द्यावे.

५. हे लिहीत असता पुढच्या दालनात माझ्या हकालपट्टीची बैठक चालू आहे. टीव्हीवर भोंगा बोलतो आहे आणि मंडळी ठराव लिहायला त्याच्या संपण्याची वाट पाहत आहेत. पुतण्या आत्ताच दार ढकलून आला. त्याच्या हातात माफीनामा होता.

"काकू, एक सही करा. मी मिटवतो."

"प्रसूतिगृह उघडतोस?"

त्याने माफीनाम्याची घडी घालून खिशात ठेवली. मग बाहेर गेला. दार उघडेच टाकून गेला, त्यामुळे टाळ्या स्पष्ट ऐकू आल्या.

वरील मजकूर मी स्वतः वाचला असून तो मला मान्य आहे. सही माझीच.

सही

साक्षीदार, आमच्यासमोर सही झाली:
दवाखान्याचे डॉक्टर
शेजारच्या निवृत्त मुख्याध्यापिका

ठिकाण: माझ्याच घराची मागची खोली
दिनांक: मला पक्षातून काढले तो दिवस